लाल काठाचे कापड

मंगळवारी सकाळी, निघायला एकोणीस दिवस उरलेले असताना, माझ्या फोनमधल्या बाईने मला माझ्याच घरात विचारले, "तुम्ही कोण आहात?" मी मेजाशी बसून यादीतील बाब क्रमांक एकतीस तपासत होतो: पूर्ण बाह्यांचे सदरे, मातकट रंगाचे, दोन, निळे अथवा काळे नकोत, कारण आफ्रिकेतल्या माश्या त्या रंगांवर येतात. आतल्या खोलीतून माझी बायको सकिना भिंतीला हात लावत बाहेर आली, माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "वेवे नी नानी?" मला आनंद झाला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. गेले दोन आठवडे तिच्या तोंडून तिच्या लहानपणच्या भाषेतले सुटे शब्दच येत होते. माजी म्हणजे पाणी, न्जो म्हणजे ये, बासी म्हणजे पुरे. आज आख्खे वाक्य आले होते. मी वहीत तारीख आणि वेळ घालून ते देवनागरीत उतरवले, मग भाषांतर करणारे जे साधन माझ्या मुलीने, तस्नीमने, माझ्या फोनमध्ये घालून दिले आहे त्याच्यासमोर दोनदा स्पष्ट उच्चारले. कॉम्प्रेसरच्या आवाजात एकतीस वर्षे काढल्यामुळे मी फोनचा आवाज नेहमी पूर्ण ठेवतो. त्यामुळे तो प्रश्न साऱ्या खोलीत घुमला, बाहेर गॅलरीपर्यंत गेला. सकिनाने फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि उत्तराची वाट पाहत ती उभी राहिली. "मी नजमुद्दीन," मी म्हणालो. धक्क्यावर लाँचची वाट पाहताना शेजारच्या अनोळखी माणसाने नाव सांगितले तर आपण जशी मान हलवतो, तशी तिने मान हलवली आणि ती आत निघून गेली.

सकिनाचा जन्म मोंबासाचा. तिचे वडील तिथे एका कोकणी पेढीवर होते. ते वारले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईने तिला घेऊन बोटीने मुंबई गाठली, तिथून लाँचने रेवस, आणि मग मामाच्या घरी भाकरी थापायला लागली. चौदा वर्षांनी आमचा निकाह झाला तेव्हा सकिनाच्या बोलण्यात तिकडच्या भाषेचे दाणे अजून होते. जिना उतरताना ती स्वतःशी पोलेपोले म्हणे, म्हणजे सावकाश. भात झाला का विचारले तर बादो म्हणे, म्हणजे अजून नाही. तस्नीम बोलायला लागली तेव्हा ती आईचे ऐकून पाण्याला माजी म्हणू लागली, आणि मी एक नियम केला. घरात एकच भाषा, शुद्ध आणि शाळेच्या उपयोगाची. मी तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस. एकाच मापासाठी दोन एकके वापरली की चूक होते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. सकिना म्हणाली, "आवो, पोरीला दोन सबूद आले तर काय बिघडतंय?" मी तिला एककांचे उदाहरण दिले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्यानंतर या घरात ती भाषा मी ऐकली नाही, अगदी गेल्या वर्षापर्यंत. गेल्या वर्षी आधी तिची बाजारातली हिंदी गेली, मग वर्तमानपत्राची मराठी, मग आमची घरातली कोकणी बोलीही गळू लागली, आणि सगळे पाणी उतरल्यावर तळाशी काय उरले ते दिसले. ती नऊ वर्षांच्या मुलीची भाषा होती. ती भाषा येणारे माणूस या घरात मी ठेवले नव्हते.

यंत्रावरचा दाबमापक एकदम बिघडत नाही. त्याचे शून्य सरकते. रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही, कारण कालच्या आकड्याशी आजचा आकडा जुळतो. प्रमाणित मापक शेजारी लावून पाहिला तरच किती फरक पडला ते समजते. वायू प्रकल्पात मी आयुष्यभर तेच काम केले. मापक उतरवायचा, प्रमाणिताशी ताडायचा, मगच त्याच्या गळ्यात सहीची चिठ्ठी अडकवायची. आणि तरी सकिनाचे शून्य सरकत होते तेव्हा मी रोज तिच्या समोर जेवायला बसत होतो. दोहाहून दोन वर्षांनी तस्नीम आली आणि एका दुपारीत तिला कळले. "अब्बा," ती स्वयंपाकघराच्या दारात मला म्हणाली, "अम्मीने मला तीनदा विचारलं, तू कोणाची मुलगी. तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही?" मी म्हणालो, मीठ विसरते अधूनमधून, एवढेच. 

मोंबासाला नेण्याचे वचन मी बारा वर्षांपूर्वी दिले, निवृत्तीच्या दिवशी, मिळालेल्या शालीची घडी तिच्या हातात देताना. त्या आठवड्यातच मी फाईल उघडली. पण मी असा माणूस आहे की तयारी पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही. पहिली दोन वर्षे तिच्या जन्माच्या दाखल्यात गेली. मग तस्नीमचे बाळंतपण आले, मग माझा मोतीबिंदू, मग साऱ्या जगाला घरात बसवणारी साथ. त्यानंतर एक वर्ष मी केवळ पावसाच्या तक्त्यांत घालवले, कारण तिकडचे दोन पावसाळे चुकवून जाण्याचा योग्य महिना मला नक्की करायचा होता. सकिना दर ईदला विचारी, "तुमी मना कवा नेनार वो?" मी तिला फाईल दाखवी. फाईल जाड होत गेली तशी ती विचारेनाशी झाली. अखेर गेल्या हिवाळ्यात पनवेलच्या एका पर्यटन मंडळीची जाहिरात आली. उरण-पनवेल भागातल्या चोवीस जणांची केनियाची सहल, नऊ दिवस, शेवटचे दोन मोंबासाला. सकिना सोडली तर चोवीसपैकी कोणीही आफ्रिका पाहिलेली नव्हती. मी त्याच दिवशी दोघांची नावे दिली. घाई करण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ, आणि ती किती उशिरा आली ते मला ठाऊक होते.

त्यानंतरची तयारी मात्र मी शिस्तीने केली. पिवळ्या तापाची लस, आमच्या वयामुळे डॉक्टरांनी दोनदा विचार करून, दोघांनाही टोचली. पिवळी पुस्तके पारपत्रात अडकवली. लहान विमानात कडक पेटी चालत नाही म्हणून दोन मऊ बॅगा आणल्या आणि ताणकाट्याला टांगून तोलल्या. तिकडे प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे म्हणून सकिनाच्या साऱ्या गोळ्यांसाठी मी जुन्या चादरीच्या छोट्या थैल्या शिवल्या, प्रत्येकीवर वेळ लिहिली. सकिना रोज दुपारी तिची बॅग रिकामी करी. सदरे, सलवारी, स्वेटर एकेक करून पलंगावर मांडी, तळाशी हात घालून चाचपडी, मग काहीतरी बोलून रडवेली होई. संध्याकाळी मी यादी समोर ठेवून पुन्हा बॅग भरी. दिवसा तिच्यापाशी गोदू असते, करंजाकडची, पन्नाशीची, गळ्याने खणखणीत. "काका," ती मला म्हणाली, "तुमी भरताव आनि चाची काढतंय. आफ्रिकेला जावाचा व्हय का नुसता बॅगच खेलाचा हाय?"

आदल्या रविवारी उरणच्या सभागृहात सहलीची बैठक झाली. मी सकिनाला नेले होते. सहलीची व्यवस्थापिका प्राप्ती तिशीची मुलगी आहे, भराभर बोलणारी, पण प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवणारी. एका गृहस्थांनी उठून विचारले, तिकडे पापलेट मिळेल का. प्राप्ती म्हणाली, "काका, आपण सिंह बघायला चाललोय, बाजार करायला नाही." "सिंह बघून पोट भरतंय काय?" मागून कोणीतरी बोलले आणि सभागृह हसले. मग तिने पडद्यावर चित्रे लावली. पहिला जिराफ आला. माझ्या शेजारून, शाळकरी मुलीच्या मोठ्या आवाजात, उत्तर आले, "ट्विगा!" सारे वळून पाहू लागले. हत्ती आला. "न्दोवू!" झेब्रा आला. "पुंडा मिलिया!" सकिना खुर्चीवरून उठली होती. तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता असा होता. म्हणजे तो मी भेटण्यापूर्वीचा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राप्ती म्हणाली, "अरे वा, काकूच आमच्या गाईड!" आणि मी, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, छाती फुगवून बसलो, जणू ती भाषा मीच तिला शिकवली होती. नंतर चहाच्या वेळी सकिना हात धुवायला गेली ती परत येईना. प्राप्ती तिला हाताला धरून घेऊन आली. सकिनाची ओढणी पाण्याने भिजली होती, आणि तिने प्राप्तीचे बोट लहान मुलासारखे घट्ट धरले होते. "अंकल, त्या भिंतीत दार शोधत होत्या," प्राप्ती हळू म्हणाली. "एक विचारू? रागावणार नाही ना?" मी म्हणालो, विचार. तिने सकिनाच्या मुठीतल्या आपल्या बोटाकडे पाहिले. "नको. मी एक फॉर्म पाठवते. सिनियर लोकांसाठी असतोच तो. शुक्रवारपर्यंत द्या."

फॉर्म बुधवारी आला. पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरे मी पंधरा मिनिटांत लिहिली. रक्तदाब, साखर, गुडघे. प्रश्न क्रमांक अकरा असा होता: सहप्रवासी स्वतःचे नाव, तसेच सोबतच्या नातेवाइकाचे नाव व नाते विचारल्यास सांगू शकतात काय? होय अथवा नाही. आणि सर्वांत खाली, सहीच्या ओळीवर: वरील माहिती मी स्वतः पडताळून पाहिली आहे. पडताळणे हा माझा शब्द आहे. त्या एका शब्दावर मी घर चालवले, मुलगी शिकवली. एकदा एका ठेकेदाराचा माणूस सात मापक घेऊन आला होता. जेवणाची सुट्टी जवळ आली होती आणि सातही सारखेच दिसत होते. "साहेब, सहा बघितलेत, सातवा काय वेगळा असणार?" मी जेवायला गेलो नाही. सातवा बिघडलेला निघाला नाही, तो अगदी बरोबर होता. पण न पाहता सही केली असती तर ती सही खोटीच ठरली असती. ही गोष्ट मी तस्नीमला लहानपणी इतक्या वेळा सांगितली की ती पाठ म्हणून दाखवी.

गुरुवारी सकाळी तस्नीमचा फोन आला. मी तिला प्रश्न वाचून दाखवला. "होय लिहा," ती म्हणाली. "अब्बा, कोण बघायला येणारेय? तुम्ही चोवीस तास तिच्या बाजूला असाल." मी म्हणालो, "ती मला ओळखत नाही." ती म्हणाली, "तिला घर बघायचंय, तुम्हाला ओळखायचं नाहीये. बारा वर्षं तुम्ही सगळं बरोबर करत बसलात. एक गोष्ट चुकीची करा." मी म्हणालो, तिथे गर्दीत ती हात सोडून भिंतीत दार शोधू लागली तर? ती तिची भाषा असेल, पण तिला हवी असलेली माणसे तिथे साठ वर्षांपूर्वीची असतील. तस्नीम म्हणाली, "तुम्ही घाबरताय, की सहीला जपताय?"  आजही दोन्हींतली सीमा मला नीट आखता येत नाही.

त्याच दुपारी सकिनाने पुन्हा बॅग उपसली आणि या वेळी पूर्ण वाक्य बोलली. "लेसो यांगू इको वापी?" तिने ते इतक्या वेळा म्हटले की वहीत उतरवायला कष्ट पडले नाहीत. फोनमधल्या बाईने सांगितले, "माझे कापड कुठे आहे?" गोदूने कपाट उघडले आणि एकेक काढून धरू लागली. निकाहातली हिरवी साडी. बुरखा. तस्नीमच्या बाळाची दुपटी. उशीचा अभ्रा. "ह्या व्हय, चाची? न्हाय? मंग ह्या?" सकिना प्रत्येकाला मान हलवून नकार देई आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या खांद्यांवरून काहीतरी ओढून घेतल्यासारखे करी. शेवटी गोदू घामाघूम होऊन खाली बसली. "काका, आता माझा लुगडा तेवढा ऱ्हायला."

मी मेजाशी परत आलो. शोधाचे काम पद्धतीने करावे म्हणून सहलीची पुस्तिका उघडली. तिच्यात पोशाखाचे एक पान होते. शेवटच्या दोन दिवसांखाली, मोंबासातील खरेदी या मथळ्याचे छायाचित्र होते. दोरीवर वाळत घातल्यासारखी रंगीत सुती कापडे, आणि खाली लिहिले होते, लेसो, बायका खांद्यावर व कमरेला गुंडाळतात, आई मुलीला देते. डावीकडून तिसरे कापड लाल काठाचे होते. काठात काळ्या रेघेने काढलेले काजू, एकामागे एक, वाकडे, पोटाला पोट लावून बसलेले. ते कापड मी ओळखत होतो. त्याचा स्पर्शसुद्धा मला आठवत होता, डोळ्यांच्याही आधी बोटांना.

मापकाची काच पुसायला नवे कापड चालत नाही. त्याला खळ असते, ते ओरखडे काढते, आणि तेल शोषत नाही. शेकडो वेळा धुतलेले, विरलेले सूत लागते. एकोणीसशे एकोणनव्वदच्या पावसाळ्यानंतर कार्यशाळेतल्या चिंध्या संपल्या होत्या आणि मी घरी सकिनाच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक जुने कापड पाहिले. लाल काठ, मधोमध विरून जाळी झालेली. मी ते आणून चौकोनी तुकडे केले, कातरीने, कडा सरळ ठेवून, सव्वीस तुकडे. संध्याकाळी घरी येऊन तिला सांगितलेही, कारण कोणाची वस्तू न सांगता घेण्याची मला सवय नाही. ती चुलीपाशी होती. "कंचा कापड?" तिने विचारले. "लाल काठाचा?" मी म्हणालो, होय, फार मऊ होते, असे सूत आता मिळत नाही. तिच्या हातातले उलथणे तव्याच्या काठावर थांबले. मग ती म्हणाली, "असूं दे." आणि भाकरी उलटली. ते तुकडे मला आठ महिने पुरले. मी एकदा कौतुकाने तिला हेही सांगितले होते.

फाईलमध्ये जन्मदाखल्यासाठी मिळवलेल्या कागदांत तिच्या आईचे जुने पारपत्र आहे. त्यावर आई आणि नऊ वर्षांची मुलगी एकाच छायाचित्रात. अंशरेषा वाचण्याचे माझे भिंग मी त्यावर धरले. चित्र काळेपांढरे आहे. आईच्या दोन्ही खांद्यांवर एक कापड आहे, तेच मुलीच्याही खांद्यावर ओढून घेतले आहे, बहुधा छायाचित्रकाराने दोघींना जवळ बसायला सांगितले असावे. काठावर काजू आहेत. मी मोजले. मुलीच्या बाजूला चार दिसतात. बाहेर कंटेनरचे ट्रेलर नेहमीप्रमाणे एकामागे एक चालले होते आणि मेजावरचा पाण्याचा पेला त्यांच्या चालीने हलत होता. पस्तीस वर्षे ती एकदाही बोलली नाही. रागावली असती तर मी क्षमा मागितली असती; मला ती संधी तिने दिली नाही, की तिला वाटले मला सांगून उपयोग नाही, एककांचे उदाहरण मिळेल? आता विचारणार कोणाला? जिला विचारायचे ती आत बसून ते कापड शोधत होती, आणि ज्याने ते कापले तो तिच्या लेखी कोणीच नव्हता.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी पडताळणी केली. गोदूला बाहेर बसवले. सकिनाचा चहा झाला होता, झोप पुरी झाली होती, म्हणजे परिस्थिती तिच्या बाजूने जितकी अनुकूल करता येईल तितकी केली होती. वाक्य मी पाठ केले होते. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "सकिना. मिमी नी नानी?" मी कोण आहे? तिने माझ्याकडे पाहिले. घाई केली नाही. माझा चेहरा पाहिला, मग सदऱ्याच्या खिशातली दोन पेने आणि टेस्टर, मग हात. माझ्या उजव्या अंगठ्याचे नख जुन्या अपघाताने काळे आहे. त्यावर तिची नजर थांबली. मला क्षणभर वाटले, आले, काटा हलला. "फुंदी," ती म्हणाली. आणि हसली, ओळखीचे. मी फोन पुढे केला. फोनमधली बाई म्हणाली, "कारागीर." म्हणजे दुरुस्ती करायला घरी येतो तो माणूस. सकिनाने लगेच खिडकीकडे बोट दाखवले. तिची एक कडी सैल झाली आहे, मी गेले सहा महिने लावीन म्हणतो आहे.

मी बराच वेळ फॉर्म समोर घेऊन बसलो. नाव सांगू शकते काय, नाही. नाते सांगू शकते काय? सत्तेचाळीस वर्षांत मी या घरात काय होतो, हे तिने एका शब्दात सांगितले होते, आणि कोणत्याही पंचासमोर मी ते नाकारू शकलो नसतो. पण फॉर्मला नाते हवे होते. मी 'नाही' वर खूण केली आणि सही केली. मग टेस्टर काढला, पाना घेतला आणि खिडकीची कडी लावून दिली. सकिना शेजारी उभी राहून पाहत होती.

प्राप्तीने तासाभरात फोन केला. "अंकल, थँक्यू खरं लिहिल्याबद्दल. लोक लिहीत नाहीत." मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही तरी या ना. काकूंपाशी राहायला तुमच्या तस्नीमताई येतील ना?" मी म्हणालो, मला तिथे पाहायचे असे काही नाही. "सिंह?" ती म्हणाली. आम्ही दोघेही थोडे हसलो. मी तिला एक काम सांगितले आणि पुस्तिकेच्या पानाचे, तसेच पारपत्रावरील छायाचित्राचे मोठे केलेले चित्र पाठवले. लाल काठ, काळ्या रेघेचे काजू, पूर्ण सुती. "हेच का? दुसरं छान दिसलं तर?" "हेच," मी म्हणालो.

ते बावीस जण गेले. मी यादीवर उलट्या क्रमाने खुणा करत बॅगा रिकाम्या केल्या. थैल्यांतल्या गोळ्या परत डब्यात घातल्या. मोकळ्या वेळात मी एक गोष्ट शिकलो. मी नवरा म्हणून खोलीत गेलो की सकिना अंग चोरते, कधी ओरडते. गोदूच्या पदराआड जाते. मात्र मी दार वाजवले, हातात हत्यारांची पिशवी घेतली आणि "फुंदी" म्हणालो की ती दार उघडते, आत घेते, काय बिघडले आहे ते दाखवते. म्हणून मी रोज सकाळी साडेनऊला माझ्या घराबाहेर जाऊन माझेच दार वाजवतो. नळ, पंखा, कपाटाची बिजागरी, शिलाईयंत्र. आता बिघडलेले काही उरले नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी मी एखादा स्क्रू सैल करून ठेवतो. गोदू पहिल्यांदा हसून लोळली, "काका, तुमाला पगार किती देतंय चाची?" मग एके दिवशी ती हसता हसता थांबली आणि तोंडाला पदर लावून मागच्या गॅलरीत गेली.

प्राप्ती परतल्याच्या तिसऱ्या दिवशी घरी आली. उन्हाने तिचे नाक सोलले होते. कागदात गुंडाळलेले कापड तिने माझ्या हाती दिले. "तीन बाजार फिरले, अंकल. बघा, काजू आहेत." आहेत. मी नुकताच शिलाईयंत्र खोलून बसलो होतो, मनगटापर्यंत ग्रीस होते, म्हणून मी म्हणालो, तूच दे तिला. सकिना पलंगावर बसली होती. प्राप्तीने कापड उलगडून तिच्या मांडीवर ठेवले.

सकिनाने ते पाहिले. काठावरून बोट फिरवले, एक काजू, दुसरा, तिसरा. कापड नाकाशी नेऊन हुंगले आणि पुन्हा खाली ठेवले. ती आता ते खांद्यांवर घेईल म्हणून मी हातातले हत्यार खाली ठेवले. गोदूही दारात थबकली होती. सकिना उठली, कापड हातात घेऊन माझ्यापाशी आली, आणि माझे काळे हात पाहून, घरची बाई कामावर आलेल्या माणसाशी बोलते त्या आपुलकीने, म्हणाली, "फुंदी. चुकुआ." हा शब्द वहीत नव्हता. फोन मेजावर होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही. ती कापड माझ्यापुढे धरून उभी होती. मी हात मागे घेतले. तिने मान हलवली, कापड झटकून पुन्हा पुढे केले, संकोच कशाला अशा अर्थाने. "अहो काकू, नवीन आहे ते," प्राप्ती पुटपुटली. मी तिला हाताने थांबवले.

मी कापड घेतले आणि हात पुसले. आधी उजवा, मग डावा, मग प्रत्येक बोट पेरापर्यंत, कार्यशाळेत पुसत असे तसे. नव्या कापडाला खळ असते; त्याने ग्रीस निघत नाही, नुसते पसरते. तरी मी पुसत राहिलो, कारण ती समोर उभी राहून, काम नीट होते आहे ना, ते पाहत होती.